माणसं टिकत नाहीत? आधी काम तपासा

रत्नागिरीत चार मालक एकत्र बसले की थोड्या वेळात एक वाक्य हमखास येतं: "माणसं टिकत नाहीत हो!" मिरजोळे एमआयडीसीतला कारखानदार असो, गणपतीपुळ्याचा हॉटेलवाला, पावसचा बागायतदार, मिरकरवाड्याचा बोटमालक की पतसंस्थेचा व्यवस्थापक, तक्रार एकच. निदानही ठरलेलं: पोरांना मुंबई-पुणं हवं, कष्ट नकोत, हातातला मोबाइल सुटत नाही. मग उपाय निघतो तो पगारवाढीचा, नाहीतर आगाऊ उचल देऊन माणूस अडकवून ठेवण्याचा.

पगार कमी असेल तर तो वाढवायलाच हवा, त्याला पर्याय नाही. पण बाजारात चालू आहे तेवढा पगार देऊनही माणूस वर्षाच्या आत निघून जात असेल, तर खोट त्याच्यात शोधण्याआधी त्याच्या हाती दिलेल्या कामात शोधावी. कामाचे तुकडे कसे पाडलेत, त्यातलं किती तो स्वतः ठरवू शकतो, केलेल्या कामाचं पुढे काय झालं हे त्याला कळतं का, यावर त्याचा जीव त्या जागेत रमणार की नाही हे बरंचसं ठरतं. मुंबईचा पगार आपल्याला देता येणार नाही. कामाची आखणी मात्र आजपासून बदलता येते आणि तिला खर्चही फारसा नाही.

थांबण्याचे तीन प्रकार

माणूस कामावर येतोय म्हणजे त्याला जागेबद्दल आपलेपणा आहे असं नाही. जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन या कॅनडातल्या दोन अभ्यासकांनी १९९१ मध्ये नोकरीतल्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले. एक, राहावंसं वाटतं म्हणून राहणं. दोन, सोडणं परवडत नाही म्हणून राहणं. तीन, सोडणं बरं दिसत नाही म्हणून राहणं.

आपल्याकडे तिन्ही प्रकार डोळ्यांसमोर आहेत. मासेमारीच्या हंगामाआधी खलाशाला उचल दिली जाते. ती फिटेपर्यंत तो बोटीवर राहतो, हा दुसरा प्रकार. मालकाने आईच्या आजारपणात मदत केली, आता कुठल्या तोंडाने सोडू, हा तिसरा. त्यात कृतज्ञता असते आणि थोडा मिंधेपणाही. दुसऱ्या प्रकारात माणूस हजर असतो, पण नेमून दिलेल्यापेक्षा सहसा जास्त करत नाही. जाळं फाटताना दिसलं तर पहिल्या प्रकारचा माणूस ओरडतो, दुसऱ्या प्रकारचा बघत राहतो.

उचल पाय बांधते, मन नाही. म्हणून तर उचल घेऊन खलाशी पळाल्याच्या तक्रारी बंदरावर दर हंगामात ऐकू येतात. शिवाय कर्ज फिटेपर्यंत माणसाला काम सोडू न देणं हे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात बसत नाही, हेही मालकांनी लक्षात ठेवावं. आपल्याला हवा आहे तो पहिला प्रकार, आणि कामाच्या आखणीचा सगळ्यात जास्त परिणाम त्याच्यावरच होतो.

काम मोजायचे पाच प्रश्न

कामाच्या आखणीचा विचार करताना रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अमेरिकी अभ्यासकांनी १९७०च्या दशकात मांडलेली कसोटी अजून उपयोगी पडते. आपल्या भाषेत ती पाच प्रश्नांत मांडता येईल.

१. विविधता: या कामात माणसाची एकाहून जास्त कौशल्यं लागतात का, की दिवसभर एकच हात हलतो?

२. अख्खेपणा: काहीतरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्या हातून होतं का? "हे मी केलं" असं बोट ठेवून दाखवता येतं का?

३. मोल: या कामाने दुसऱ्या कुणाचं काय होतं, हे त्याला ठाऊक आहे का?

४. मुभा: काम कसं, कधी, कुठल्या क्रमाने करायचं यातलं किती तो ठरवतो?

५. परतीची खबर: काम चांगलं झालं की बिघडलं, हे त्याला कामातूनच आणि वेळेवर कळतं का?

प्रत्येक प्रश्नाला १ ते ७ गुण द्या. मग पहिल्या तिघांची सरासरी काढा आणि तिला मुभेच्या गुणांनी आणि परतीच्या खबरेच्या गुणांनी गुणा. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, आणि तो नीट समजून घ्यावा. समजा एखाद्या कामाला विविधता, अख्खेपणा आणि मोल यांत प्रत्येकी ६ मिळाले, पण मुभा १ आणि खबर २. गुणाकार येतो १२. दुसऱ्या एका साध्या कामाला पाचही बाबतींत ४ गुण मिळाले, तर गुणाकार ६४. म्हणजे काम कितीही मोलाचं असो, माणसाला काहीच ठरवता येत नसेल आणि पुढचं काही कळत नसेल, तर त्या मोलाचा उपयोग होत नाही. हा आकडा काही वजनकाट्यासारखा अचूक नाही. पण कुठल्या कामात हात घालायचा ते तो बरोबर दाखवतो.

मोल आणि मुभा एकत्र आले तर काम कसं दिसतं, याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या रुळांवर गस्त घालणारा कर्मचारी बघा. रात्री धो धो पावसात, दोन्ही बाजूंच्या कापलेल्या डोंगरामधून बत्ती घेऊन चालत राहायचं, एवढंच ते काम. लिहून काढलं तर दोन ओळींत संपेल. पण २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली, हे या मार्गावर कुणी विसरलेलं नाही. आपण काय रोखतोय हे गस्तवाल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि धोका दिसला तर भरधाव गाडी थांबवायचा अधिकार त्याच्या हातात असतो, साहेबाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. तुमच्याकडच्या सगळ्यात खालच्या माणसाकडे असा एखादा तरी अधिकार आहे का, हे बघा.

पॅकिंग शेडमध्ये काय बदलता येईल

आता एक काम जवळून बघू. आंब्याचा हंगाम. दुपारनंतर बागेतून क्रेट शेडमध्ये येतात. फळ झेल्याने उतरवलेलं, चौदा आणे तयार. एक बाई फक्त डागी फळ बाजूला काढते, दुसरी वजनाप्रमाणे प्रत लावते, तिसरी खोकी उभी करते, चौथी फळं भरते, पाचवा खोक्यावर बागेचं नाव आणि डझन लिहितो. रात्री टेम्पो वाशीला जातो. चार-पाच दिवसांनी आडत्याची पट्टी येते. ती मालक वाचतो, खिशात ठेवतो, आणि भाव पडलेला असला तर दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आवाज चढतो. कुठला माल, कुणी भरलेला, काय बिघडलं, हे शेडमधल्या कुणालाच कळत नाही. बोलणी मात्र सगळ्यांना सारखी बसतात.

या कामाला गुण देऊन बघा. विविधता जेमतेम, अख्खेपणा नाही, मुभा नाही आणि परतीची खबर आलीच तर शिव्यांच्या रूपात. मग मे संपायच्या आत निम्म्या बायका दुसऱ्या शेडमध्ये गेल्या तर नवल काय?

हंगाम तोच, शेड तीच आणि माणसंही तीच ठेवून चार बदल करता येतात.

पहिला बदल, काम जोडीने द्या. डागी फळ काढण्यापासून खोक्यावर लिहिण्यापर्यंत सगळं दोघींनी मिळून करायचं. एक दमली की दुसरी वजन करेल, आपापसात त्या ठरवतील.

दुसरा बदल, प्रत्येक जोडीची खूण खोक्यावर घाला. साधा आकडा पुरे. वाशीला पोचलेल्या कुठल्याही खोक्यावरून ते कुणाच्या हातचं हे कळलं पाहिजे.

तिसरा बदल, फळ नाकारायचा हक्क द्या. भरणाऱ्या बाईला एखादं फळ संशयास्पद वाटलं तर ते बाजूला ठेवायला तिला कुणाला विचारावं लागू नये. आत साका आहे की नाही हे बाहेरून कुणालाच छातीठोक सांगता येत नाही, पण दहा हंगाम फळ हाताळलेल्या हाताचा अंदाज मुकादमाच्या नजरेपेक्षा कमी समजू नये. इथे एक धोका आहे. मजुरी खोक्यामागे असेल तर फळ नाकारणं म्हणजे स्वतःचे पैसे कापणं. तेव्हा नाकारायचा हक्क द्यायचा असेल तर मजुरी दिवसाची ठेवा, नाहीतर खोक्याच्या दरासोबत चांगल्या मालाचं वेगळं काही द्या. मजुरी एका दिशेला ओढते आणि सूचना दुसऱ्या दिशेला, असं झालं की माणूस मजुरीच्या मागे जातो, आणि त्यात त्याची चूक नाही.

चौथा बदल, पट्टी शेडमध्ये वाचा. आडत्याला सांगून ठेवा की तक्रारीचा माल असला तर खोक्याच्या खुणेसकट फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. चांगला भाव आला तर तेही जोडीचा आकडा घेऊन सांगा. खबर दोन्ही बाजूंची हवी. फक्त तक्रार वाचून दाखवली तर पट्टीच्या दिवशी गैरहजेरी वाढेल.

'साहेबांना विचारून सांगतो'

पतसंस्था, दुकानं, दवाखाने, छोटी हॉटेलं इथे मुभेचा प्रश्न सगळ्यात तापदायक. तो मोजायचा सोपा मार्ग आहे. तुमच्या काउंटरवर आठवडाभर एक वही ठेवा आणि "साहेबांना विचारून सांगतो" हे वाक्य दिवसात किती वेळा उच्चारलं जातं त्याची फक्त रेघ मारायला सांगा. शेजारी कशासाठी विचारावं लागलं तेही दोन शब्दांत लिहू दे.

आठवड्यानंतर वही उघडली की कळेल, बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरलेलं होतं. पाहुण्याला अर्धा तास आधी खोली उघडून द्यायची का, बिघडलेला डबा बदलून द्यायचा का, पासबुकाची दुसरी प्रत द्यायची का? अशा प्रश्नांना तुम्ही जवळजवळ दर वेळी 'हो' म्हणत असाल, तर तो 'हो' त्या माणसाच्याच तोंडी जाऊ द्या. पैशांचा प्रश्न असेल तर मर्यादा ठरवा: अमुक रुपयांपर्यंतचा निर्णय तुझा, संध्याकाळी वहीत नोंद करायची. नोंद तपासायची ती शिकवण्यासाठी. पहिल्याच चुकीला अधिकार काढून घेतला तर पुढे कुणीही निर्णय घेणार नाही.

पतसंस्थेतच दोन कामं शेजारीशेजारी ठेवून बघा. पिग्मी एजंट रोज बाजारातून फिरतो, कुठल्या दुकानातून कधी जायचं हे तो ठरवतो, गिऱ्हाईक त्याला नावाने ओळखतं आणि दिवसाची वसुली संध्याकाळी त्याच्या डोळ्यांसमोर असते. पाचही प्रश्नांना त्याचं काम बऱ्यापैकी उतरतं, म्हणून कमिशन तुटपुंजं असूनही कितीतरी एजंट वर्षानुवर्षं त्याच रस्त्यांवर दिसतात. आत काउंटरवर बसलेल्या मुलाचा पगार ठरलेला, डोक्यावर पंखा, तरी तो दुसरीकडे अर्ज भरत असतो. त्याला काही खातेदार नेमून द्या: यांची मुदतठेव कधी संपते, यांना काय हवं, हे तू बघायचंस. काउंटर तोच राहील, पण त्याचं म्हणून काहीतरी तयार होईल.

अहमदाबादच्या मागांची गोष्ट

"हे सगळं छोट्या जागेत ठीक, कारखान्यात यंत्र ठरवतं" असं एमआयडीसीतले मालक म्हणतात. त्यांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलची गोष्ट ऐकावी. तिथे स्वयंचलित माग बसवले, पण उत्पादन अपेक्षेइतकं वाढेना आणि कापडातले दोष कमी होईनात. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. त्यांना दिसलं की यंत्राच्या हिशेबाने कामं इतकी बारीक वाटली होती की कुठल्याही मागाचा धनी असा कुणी नव्हताच. विणणारा वेगळा, तुटलेले धागे सांधणारा वेगळा, तेल देणारा वेगळा, आणि प्रत्येकजण अनेक मागांवर धावतोय.

राइस यांनी सुचवलं की माणसांच्या एका गटाकडे मागांचा एक गट द्यावा आणि त्या मागांची पूर्ण जबाबदारी गटाची असावी. सूचना मांडल्यावर कामगारांनी स्वतःच गट पाडले. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. यंत्रं तीच होती.

या गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. एरिक मिलर यांनी १९७० मध्ये पुन्हा जाऊन पाहिलं, तेव्हा एका विभागात गटपद्धत टिकून होती, पण इतरत्र ती बरीचशी जुन्या वळणावर गेली होती. म्हणजे एकदा आखून दिलं आणि झालं, असं होत नाही. ऑर्डर वाढली, पर्यवेक्षक बदलला, नवी यंत्रं आली की कामाची आखणीही पुन्हा बघावी लागते.

गटाचा आणखी एक फायदा आहे. कामाच्या आखणीवरच्या २५९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की संस्थेबद्दलचा आपलेपणा ठरवण्यात सोबत्यांचा आधार आणि एकमेकांवर अवलंबून असलेलं काम यांचाही वाटा मोठा आहे. बोटीवरच्या माणसांना हे नव्याने सांगायला नको. तांडेल चांगला असेल तर खलाशी त्याच्यामागे बोट बदलतात. आणि डिझेल, बर्फ, रेशन वजा जाऊन उरलेल्याचे वाटे कसे पडले हे सगळ्यांसमोर मांडलं जातं, तिथे कुरबुर कमी असते.

पंचांग समोर ठेवून आखणी

कामाच्या आखणीत वेळापत्रकही येतं, आणि कोकणात वेळापत्रक म्हणजे शिमगा, गणपती आणि भातलावणी. "ऐन गणपतीत माणूस गायब" ही तक्रार दर वर्षी नव्याने होते, जणू चतुर्थी यंदा अचानक आली. पालखी कुठल्या दिवशी दारात येणार, गणपती दीड दिवसाचा की गौरीबरोबर जाणारा, हे प्रत्येक घरचं ठरलेलं असतं.

जानेवारीत सगळ्यांना बसवून वर्षाचा तक्ता करा. प्रत्येकाने आपल्या घरच्या न चुकणाऱ्या तारखा लिहाव्यात आणि अडचणीच्या दिवशी कोण कुणाच्या जागी उभं राहणार ते त्यांनी आपापसात ठरवावं. ज्यांच्या घरी गणपती नाही ते चतुर्थीला थांबतील आणि ईदला किंवा नाताळला सुटी घेतील. मालकाने रजा नाकारली तर माणूस खोटं आजारपण काढून जातो, हा सगळ्यांचा अनुभव आहे. स्वतः भरलेला तक्ता मात्र माणूस सहसा मोडत नाही. त्यासाठी प्रत्येकाला किमान दोन कामं आलेली असली पाहिजेत. म्हणजे विविधतेचा प्रश्नही त्याच झटक्यात थोडा सुटतो.

इथे हमखास चुकतं

पहिली चूक, काम वाढवणं यालाच काम सुधारणं समजणं. टेबल पुसणाऱ्या मुलाला भांडीही घासायला लावली तर दोन कंटाळवाणी कामं झाली, एक चांगलं काम झालं नाही. त्याला चार टेबलं नेमून द्या, गिऱ्हाइकाला बसवण्यापासून बिल देईपर्यंत, तर ते वेगळं.

दुसरी चूक, जबाबदारी द्यायची आणि पैसे तेच ठेवायचे. "तू घरचाच आहेस" हे वाक्य एकदा चालतं. जबाबदारीने धंद्याला फायदा झाला तर त्यातला भाग त्या माणसाच्या पगारात दिसला पाहिजे, नाहीतर त्याला ती फसवणूक वाटेल, आणि तसं वाटणं बरोबरच आहे.

तिसरी चूक, सगळ्यांना एकाच मापाने मोजणं. काहींना ठरलेलं काम, ठरलेली वेळ आणि संध्याकाळी घर एवढंच हवं असतं. घरी आजारी माणूस असेल, शेती असेल. त्यांच्यावर मुभा लादू नका. विचारा, आणि नाही म्हणायची सोय ठेवा.

चौथी चूक, मधल्या माणसाला विसरणं. मुकादम, पर्यवेक्षक, कॅप्टन यांचं अर्धं काम हाताखालच्यांना सांगणं आणि ओरडणं असतं. ते निर्णय खाली गेले की त्याला वाटतं आपली खुर्ची गेली, आणि तो नवी पद्धत गुपचूप मोडून काढतो. त्याला आधी नवं काम द्या: नव्या माणसांना शिकवणं, माल तपासणं, आडत्याशी बोलणं.

सुरुवात कशी करावी

सगळी जागा एकदम बदलू नका. ज्या कामावरून सगळ्यात जास्त माणसं सोडून जातात ते एकच काम निवडा. मग या क्रमाने जा.

ते काम करणाऱ्याला पाच प्रश्नांचे गुण द्यायला सांगा, तुम्हीही वेगळे द्या. दोघांच्या आकड्यांत जिथे मोठा फरक पडतो तिथून बोलायला सुरुवात करा. तुम्ही मुभेला ५ दिलेत आणि त्याने २, तर त्याचा आकडा खरा धरा.

त्या कामातले कुठले निर्णय खाली देता येतील ते तिघा-चौघांना विचारून ठरवा आणि लिहून भिंतीवर लावा. तोंडी दिलेला अधिकार पहिल्या गर्दीच्या दिवशी परत घेतला जातो.

परतीची खबर कुठून, कुणामार्फत आणि कधी येईल हे ठरवा. आंब्याला पट्टी, हॉटेलला पाहुण्यांचे अभिप्राय, दवाखान्यात बरा होऊन गेलेल्या रुग्णाचा निरोप, कारखान्यात परत आलेल्या मालाचा कागद. यातलं बरंचसं तुमच्याकडे आधीच येत असतं, ते टेबलाच्या खणातून बाहेर काढायचं आहे.

जो माणूस सोडून चाललाय त्याच्याशी शेवटच्या दिवशी पंधरा मिनिटं बसा. "किती मिळतंय तिकडे?" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, "इथे दिवसातलं कुठलं काम सगळ्यात नकोसं वाटायचं?"

परिणाम महिन्याभरात दिसेल ही अपेक्षा नको. निदान एक हंगाम जाऊ द्या. मोजायचं कसं, तर हंगामी धंद्यात एक चांगली खूण आहे. मागच्या वर्षी काम केलेल्यांपैकी यंदा उचल न मागता, बोलावणं न पाठवता, पहिल्या फोनवर कितीजण "येतो" म्हणाले, ते लिहून ठेवा. वर्षभर चालणाऱ्या जागेत हे बघा की जुन्या माणसांनी आपल्या ओळखीतल्या कुणाला इथे कामाला आणलं का. ज्या कामाबद्दल स्वतःलाच खात्री नाही, तिथे कोणी आपल्या भाच्याला पाठवत नाही. हे दोन आकडे दर वर्षी वाढत असतील तर आखणी बरोबर चालली आहे. खाली येत असतील तर पगाराचा तक्ता काढण्याआधी पुन्हा त्या पाच प्रश्नांकडे या.